भातुकलीची पंगत

एकदा एक वृद्ध आचारी होते. त्यांच्या हाताला अमृताची चव होती वगैरे मी सांगत बसणार नाही. चव पुष्कळांच्या हाताला असते. या गृहस्थांची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. पंगत उठली की उष्टी पानं गोळा करायला ते स्वतः जात. लोक म्हणत, ‘एवढा मोठा आचारी आणि पानं काय उचलतो?’ पण ते एकेक पान उचलत, क्षणभर पाहत आणि पुढे सरकत. सगळी पंचक्रोशी त्यांना तात्या म्हणत असे.

त्यांची एक शिष्या होती, कावेरी. वय तिशीच्या आसपास, अंगात वीज, तोंडही तसंच. सहा वर्षं ती तात्यांच्या हाताखाली राबली होती. पुरण किती शिजवावं, पाक केव्हा उतरवावा, शंभर माणसांना मीठ किती लागतं, हे सगळं तिला येत होतं. पण संपूर्ण पंगत तात्यांनी तिच्या एकटीवर अजून सोपवली नव्हती, आणि ते तिला मनातून खुपत होतं.

एके दिवशी बाजारपेठेतले भांड्यांचे व्यापारी त्र्यंबकशेठ तात्यांकडे आले. आले म्हणजे काय, धावतच आले.

“तात्या, आमच्या येसूआत्याला एक्याऐंशी पुरी होताहेत! सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. सगळा गोतावळा येणार. आत्याच्या मैत्रिणी, मामा, मावश्या मिळून वीसेक म्हातारी माणसं आणि पंधरा-सोळा चिल्लीपिल्ली. मधली आम्ही आहोतच, आमचं कसंही भागेल. पण तात्या, जेवण असं झालं पाहिजे, असं झालं पाहिजे की...” शेठना पुढचा शब्दच सापडेना. त्यांनी नुसतेच दोन्ही हात हवेत उडवले.

मग एकाएकी त्यांचा आवाज उतरला.

“खरं सांगू का, तात्या? मला या आत्यानेच वाढवलं. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. पण गेली कित्येक वर्षं मी तिला पंगतीत पोटभर जेवताना पाहिलेलं नाही. रोज ती आपलं ताट आपल्या खोलीत नेते, तिथे काय जेवते देव जाणे. पण सणावाराला चार माणसांत बसली की दोन घास खाते, ‘झालं माझं’ म्हणते आणि उठते. वैद्य म्हणतात, प्रकृती ठणठणीत आहे. मग जेवत का नाही? समारंभ तिचा, सत्कार तिचा आणि तीच अर्धपोटी उठणार असेल तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्या दिवशी आत्या पोटभर जेवली पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे.”

तात्यांनी कावेरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “शेठ, ही पंगत कावेरी करेल. पदार्थ तिचे, बेत तिचा. मी नुसता बसून राहीन.”

कावेरीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी ती शेठच्या घरी हजर झाली आणि तिने चौकश्यांचा असा काही सपाटा लावला की शेठच्या पत्नी थक्क झाल्या. कोणाला दात नाहीत? कोणाला मीठ बंद आहे? कोणाला गोड चालत नाही? कोणतं पोर तिखट खातं, कोणतं मिरीचा दाणा दिसला तरी भोकाड पसरतं? सगळं तिने वहीत लिहून घेतलं. मग बेत ठरवला. दात नसलेल्यांसाठी जिभेवर विरघळेल अशी पुरणपोळी, अळूची भाजी, दुधीचा हलवा, मऊ वरणभात. पोरांसाठी टम्म फुगलेल्या पुऱ्या, बिनतिखटाची बटाट्याची भाजी. सगळ्यांसाठी श्रीखंड आणि वाटली डाळ. वही तात्यांपुढे धरली. तात्यांनी वाचली आणि म्हणाले, “बेत उत्तम आहे.”

समारंभाच्या आदल्या दिवशीच पाहुणे जमले. घरात नुसता गलका उडाला. पोरं जिन्यावरून धावत होती, म्हातारी मंडळी एकमेकांना वीस-वीस वर्षांनी भेटत होती, कोणाची काठी हरवत होती, कोणाचा चष्मा सापडत होता. त्या दुपारी कावेरीने रंगीत तालीम म्हणून साधंच पण मोठं जेवण घातलं. उद्याचे निम्मे पदार्थ आजच करून पाहावेत, हा तिचा विचार. विचार चांगलाच होता.

पंगत बसली. तात्यांचे नेहमीचे चार वाढपी, चांगले दणकट गडी, झारे आणि पातेली घेऊन सुटले. आग्रह करण्यात त्यांचा हातखंडा. ‘घ्या हो मामा, एवढ्याने काय होतंय!’ असं म्हणत मामांनी मान हलवेपर्यंत पानात डोंगर तयार. पोरांच्या बाबतीत तर त्यांच्या आयाच म्हणत, ‘वाढा, वाढा, खाईल तो.’

येसूआत्या मधोमध पाटावर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, डोळे लुकलुकते. वाढपी भाताचा डाव घेऊन पुढे आला तशा त्यांनी घाईघाईने दोन्ही हात पानावर आडवे धरले. “नको, नको! पुरे, पुरे!” पोळी आली, “नको.” हलवा आला, “नको रे बाबा, पोट भरलं.” कावेरी स्वतः पुढे झाली. “आत्या, तुमच्यासाठीच केलाय. चावावा लागत नाही.” आत्यांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं, पण हात काही पानावरून काढले नाहीत.

तेवढ्यात पलीकडे एका पोराने पानातला ढीग पाहून रडं काढलं. “पानात टाकायचं नाही!” त्याची आई गरजली. “सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही!” दुसऱ्या पोराने पुरी पाटाखाली सरकवली, ती त्याच्या आजोबांनी पाहिली. एकच ओरडाआरडा झाला. येसूआत्यांनी वरणभाताचे दोन घास संपवले, पान लख्ख पुसून काढलं आणि म्हणाल्या, “झालं माझं.” त्या उठल्या, म्हणून बाकीची म्हातारी मंडळीही उठली.

त्र्यंबकशेठनी कावेरीला एका शब्दानेही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं, असं तिला वाटलं. ती मागच्या अंगणात गेली आणि चुलीपाशी बसून घळाघळा रडली.

तात्या पानं उचलून आले, तेव्हा ती पुन्हा वही उघडून बसली होती. “तात्या, हलवा नको, खीर करते. पोळीऐवजी मऊ घावन. आणखी दोन भाज्या...”

“एकही पदार्थ बदलू नकोस,” तात्या म्हणाले.

“पण त्या जेवल्या नाहीत!”

“हो. मी पाहिलं.” एवढंच बोलून ते घरात गेले. येसूआत्यांच्या खोलीत जाऊन पाणी मागितलं, प्यायले, दोन गोष्टी बोलले आणि बाहेर आले. मग त्र्यंबकशेठना म्हणाले, “शेठ, तुमच्या दुकानात भातुकली आहे का?”

“भातुकली?” शेठना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक होते आहे.

“भातुकली. पितळेची. छोटी पातेली, छोट्या पळ्या, वाट्या, बुटकुली. जेवढी असतील तेवढी द्या. आणि कल्हईवाल्याला बोलवा. आजच्या आज सगळ्यांना आतून कल्हई झाली पाहिजे.”

संध्याकाळपर्यंत कल्हई झालेली ती खेळण्यातली भांडी अंगणात उन्हात चकाकत होती. एकेका पळीत दोन चमचे मावतील तर शपथ! पोरं भोवती गोल करून उभी राहिली होती आणि डोकावून डोकावून पाहत होती. तात्यांनी चारही वाढप्यांना बोलावलं आणि सांगितलं, “उद्या तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. ही भांडी भरून द्यायची, बस्स. वाढायला ही मंडळी आहेत.” आणि त्यांनी पोरांकडे बोट दाखवलं.

पोरांनी जो जल्लोष केला तो तिसऱ्या गल्लीत ऐकू गेला असेल.

कावेरी मात्र संतापली. तिने तात्यांना बाजूला घेतलं. “तात्या, तुमचा मान राखून सांगते, हे काय चालवलंय? बाईच्या एक्याऐंशीचा समारंभ आहे, बाहुलाबाहुलीचं लग्न नव्हे! सांडासांडी होईल, हसं होईल. सहा वर्षांनी मला पहिली पंगत दिलीत आणि तिचा असा खेळ करणार?”

“पंगत तुझीच आहे,” तात्या शांतपणे म्हणाले. “नको वाटत असेल तर भांडी परत पाठव. मी रागावणार नाही. पण मग उद्या आत्यांना काय करून जेवू घालणार आहेस, तेवढं मला सांग.”

कावेरी पाय आपटत स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी तिथेच राहिली.

समारंभाचा दिवस उजाडला. एक्याऐंशी दिव्यांनी येसूआत्यांचं औक्षण झालं. एवढे दिवे पाहून बारकी पोरं टाळ्या पिटू लागली, म्हाताऱ्या मैत्रिणींनी उखाणे घेऊन एकमेकींची फिरकी घेतली, आणि मग आरोळी उठली, “पानं मांडली! चला!”

वडीलधारी मंडळी बसली. मधोमध येसूआत्या. आतून पोरांची रांग निघाली. चार वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतची सोळा पोरं, हात स्वच्छ धुतलेले, कमरेला पंचे बांधलेले, हातांत ती चिमुकली भांडी. चालणं तर असं की जणू पृथ्वी डोक्यावर घेतली आहे! एकाच्या बुटकुल्यातलं तूप मामांच्या धोतरावर सांडलं. मामा ओरडणार, तोच तो पोरगा गंभीरपणे म्हणाला, “मामाआजोबा, हलू नका, अजून वाढायचंय.” सगळी पंगत खो खो हसली, आणि मामाही.

शेठची पाच वर्षांची नात, बयो, श्रीखंडाचं पातेलं घेऊन येसूआत्यांसमोर येऊन उभी राहिली. पळीत श्रीखंड भरलं, पळी नीट सावरली आणि विचारलं, “आत्याआजी, वाढू?”

इतक्या वर्षांची सवय! आत्यांचे दोन्ही हात आपोआप पानावर आडवे झाले. “नको, नको, पुरे, पु...”

आता मोठ्या माणसाला ही खूण कळते. हात आडवे आले की आग्रह करायचा, नाहीतर पुढे जायचं. बयोला बिचारीला हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. तिने जागा पाहिली, नेम धरला आणि पळीभर श्रीखंड आत्यांच्या हातावरच वाढलं.

बयोची आई लाजून अर्धी झाली. दारातून पाहणाऱ्या कावेरीने कपाळाला हात लावला.

येसूआत्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बयोकडे पाहिलं. मग त्यांनी हात उचलला, श्रीखंड चाटलं, आणि अशा काही हसल्या, अशा हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“काय गं, गोड झालंय की!” त्या म्हणाल्या. “वाढ आता. पानात वाढ हं!”

त्यांनी हात काढले. आणि पुन्हा ते पानावर आले नाहीत.

बयोच्या मागे पोळीवाला आला, त्याच्या ताटलीत पोळीचे चतकोर. एक चतकोर पडला, आत्यांनी तो तुपात बुडवून खाल्ला. पुन्हा तो आला, पुन्हा एक. भाजीची एक पळी, हलव्याची एक पळी, पुन्हा श्रीखंड. पोरं दमेनात. आत धावायची, भांडं भरून घ्यायची, बाहेर धावायची. प्रत्येकाला आत्यांनाच वाढायचं होतं. शेवटी त्यांच्यापुढे चक्क रांग लागली. “मी आधी! मी आधी!” शेजारचे मामा आणि मावश्या म्हणू लागल्या, “अरे, आमच्याकडेही बघा की जरा!”

आणि मग ते घडलं. येसूआत्यांनी मान उंच केली आणि पंगतीच्या टोकाला उभ्या असलेल्या शेठना हाक मारली. “त्र्यंबका! ती वाटली डाळ इकडे आलीच नाही अजून! कोणाला तरी पाठव की!”

त्र्यंबकशेठ साठी ओलांडलेले गृहस्थ, पेठेत शब्दाला मान. ते पंगतीतून अक्षरशः पळत सुटले. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, “डाळ! आत्याला डाळ हवी आहे! आत्याने मागितली!” आणि डाळीचं पातेलं हातात घेऊन तिथेच लहान मुलासारखे रडू लागले. कावेरीने ते पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं, एक वाटी भरली आणि बयोकडे दिली. तिचेही डोळे भरून आले होते.

वडीलधाऱ्यांची पानं आटोपली, पण कोणी उठेना. येसूआत्यांनी पदर खोचला. “चला रे पोरांनो, आता तुम्ही बसा. पळ्या इकडे द्या, आम्ही वाढतो.” कोणीतरी म्हणालं, “आत्या, तुम्ही कशाला, तुम्ही बसा.” “गप रे!” आत्या म्हणाल्या. वीस म्हातारी माणसं भातुकलीच्या पळ्या घेऊन सोळा पोरांना वाढायला निघाली. धावून धावून पोरांना कडकडून भूक लागली होती. पानात एक घास पडायचा, तो संपला की दुसरा. कोणी कोणावर ओरडलं नाही. ओरडायला कारणच उरलं नव्हतं.

दुपार कलली. तात्या नेहमीप्रमाणे पानं उचलून आले आणि पायरीवर टेकले. कावेरी त्यांच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “तात्या, पदार्थ तेच होते. काल जेवल्या नाहीत, आज जेवल्या. मला सांगा तरी.”

तात्या म्हणाले, “पोरी, तू सगळ्यांना विचारलंस, काय आवडतं, काय पचतं. चांगलं केलंस. पण म्हातारं माणूस एक गोष्ट कधीच सांगत नाही, ती म्हणजे त्याला कशाची भीती वाटते. काल मी आत्यांच्या खोलीत पाणी प्यायलो. तिथे त्यांची रोजची वाटी पाहिली. एवढीशी. शेजारी पळी, तीही एवढीशी. बाई व्यवस्थित जेवते गं! थोडं घेते, संपवते, पुन्हा घेते. पंगतीत मात्र वाढपी डावभर भात टाकतो. पानात टाकायचं नाही, हे तर अंगात भिनलेलं. संपणार नाही हे ठाऊक असतं. मग अपमान नको, अन्नाची नासाडी नको, आपल्यासाठी कोणाचा खोळंबा नको, म्हणून ते माणूस सगळ्यालाच नको म्हणतं. आपण त्याला म्हणतो, भूक नाही. काल त्या पोराच्या पानातही तोच डोंगर होता. ते लहान, म्हणून रडलं. आत्या मोठ्या, म्हणून हसून उठल्या. दोघांचं दुखणं एकच होतं.”

“आणि वाढायला पोरं का?” कावेरीने विचारलं. “छोट्या पळ्या वाढप्यांच्या हातात दिल्या असत्या तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं. दणकट गडी छोट्या पळीने वाढू लागला की म्हाताऱ्याला वाटतं, आपलं म्हातारपण मापतोय. पोर छोट्या पळीने वाढतं, कारण ते स्वतःच छोटं आहे. त्यात कोणाची दया दिसत नाही. शिवाय आपण या दोघांनाही सारखं सांगत असतो, तुम्ही नुसतं बसा, कशाला हात लावू नका. बसून बसून कोणाला भूक लागते?”

आतून अजून पोरांचा किलबिलाट येत होता, आणि त्यात एक म्हातारं हसू मिसळलेलं होतं.

“तात्या,” ती हळूच म्हणाली, “मी सहा वर्षं चुलीकडे पाहत होते.”

“चुलीकडेही पाहावंच लागतं,” तात्या म्हणाले आणि पाय चोळत उठले.

त्यानंतर आठवडाभराने एक गृहस्थ मोठ्या उत्साहात तात्यांच्या दारी आले. नातवाचं बारसं होतं, दीडशे पान व्हायचं होतं. तात्यांनी त्यांना कावेरीकडे पाठवलं. गृहस्थांनी खिशातून पदार्थांची लांबलचक यादी काढली. “हे बघा बाई, जिलबी हवी, मठ्ठा हवा, मसालेभात तर...”

“सगळं करू,” कावेरी म्हणाली. तिने यादी हातात घेतली, पण वाचली नाही. “आधी एक सांगा. तुमच्या घरात पंगतीला ‘नको, नको’ कोण म्हणतं?”

गृहस्थ हसले. मग हसता हसता थांबले. असा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता.

“आमची आई,” ते म्हणाले, आणि तिच्यासमोरच्या पाटावर बसले.